एफसिंक फसला: पुन्हा मारायचा की प्रोग्राम पाडायचा?

स्वतःचा लॉग (बदलांची नोंदवही, जिच्यावरून डेटा पुन्हा उभा करता येतो) लिहिणाऱ्या प्रत्येक सर्व्हिसच्या कोडमध्ये ही जागा येतेच: एफसिंकनं (लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरवायला सांगणारा कॉल) ईआयओ (वाचन-लेखन फसल्याची एरर) परत दिला, आता काय? आमच्या कोडमध्ये तिथे कुणीतरी (बहुधा मीच) तीन फेऱ्यांचा लूप टाकून ठेवला होता. प्रत्येक फेरीआधी १०० मिलिसेकंद थांबायचं. दिसायला समंजस. दुसरा मार्ग म्हणजे तिथल्या तिथे अबॉर्ट, म्हणजे प्रोग्रामच पाडायचा, आणि सर्व्हिस उठली की लॉगवरून सगळं पुन्हा उभं करायचं. हा मार्ग मला बरीच वर्षं आततायीपणाचा वाटायचा.

रिट्रायची बाजू आधी मांडतो, कारण ती अगदीच लंगडी नाही. जोडलेले क्लायंट तुटत नाहीत, रात्री कुणाचा फोन वाजत नाही. नेटवर्कवरच्या स्टोरेजमध्ये क्षणभराचे झटके येतात हेही खरं. पण आपल्यापर्यंत ईआयओ येतो तोवर खालचे थर बहुधा आपापले प्रयत्न करून दमलेले असतात. थिन पूल (लागेल तशी जागा देत जाणारा डिस्कचा साठा) भरला तर लिनक्स कर्नल डीफॉल्टनं ६० सेकंद राइट धरून ठेवतो, मगच हात वर करतो. त्यावर माझे १०० मिलिसेकंद म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

माझं मत फिरलं ते मात्र एका वेगळ्याच गोष्टीनं. सर्व्हिसनं छापलेल्या संदेशांमध्ये अधूनमधून ‘एफसिंक अयशस्वी, दुसऱ्या प्रयत्नात यशस्वी’ अशी ओळ दिसायची आणि मी खूश व्हायचो. एकदा उगाच शंका आली म्हणून बसलो. लूप डिव्हाइसवर (डिस्क म्हणून वापरलेली फाइल) डिव्हाइस-मॅपर (डिस्कचे भाग हवे तिकडे वळवणारा थर), त्यावर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम. एका फाइलमध्ये ‘जुने’ लिहून सिंक केलं. फाइलफ्रॅगनं तिचा ब्लॉक शोधला आणि त्या जागेचे आठ सेक्टर डीएमसेटअपनं एरर टार्गेटकडे वळवले, म्हणजे तिथे लिहिलं की एररच येणार. मग त्याच जागी ‘नवे’ लिहिलं. राइट पास. पहिला एफसिंक: ईआयओ. दुसरा: शून्य. कॅट करून फाइल वाचली तर ‘नवे’. वळवलेले सेक्टर पूर्ववत केले, ड्रॉप-कॅशेसमध्ये ३ टाकून मेमरीतल्या प्रती फेकल्या, पुन्हा कॅट केलं: ‘जुने’.

म्हणजे ती ‘दुसऱ्या प्रयत्नात यशस्वी’वाली ओळ इतके दिवस मला शेंडी लावत होती. तसा दुसरा कॉल खोटं बोलत नाही. राइट फसला तरी ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल सिस्टिम मेमरीतलं ते पान क्लीन (डिस्कवर पोचलेलं) धरतात, त्यामुळे दुसऱ्यांदा लिहायला काही उरतच नाही. कर्नलवाल्यांची अडचणही समजते, कारण उपटून नेलेल्या पेनड्राइव्हची डर्टी (अजून न लिहिलेली) पानं मेमरीत कधीपर्यंत सांभाळायची? फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पान डर्टीच राहतं, तिथे रिट्रायला अर्थ आहे. लिनक्समध्ये ४.१३ पासून (२०१७) फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला ती एरर एकेकदा तरी मिळते. त्याआधी जो पहिला विचारेल तो ती गिळून मोकळा व्हायचा. पण एरर सगळ्यांना कळली म्हणून डेटा परत येत नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींनाही २०१८ मध्ये हाच ठेचकाळणारा दगड लागला. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून एफसिंक फसला की सर्व्हर थेट पॅनिक करतो, म्हणजे स्वतःला पाडतो. रिट्रायचं सेटिंग ठेवलंय, पण बंद अवस्थेत.

अबॉर्ट केलं की सुटलो, असं मात्र नाही. प्रोसेस मेली तरी पेज कॅशे (फाइलींच्या मेमरीतल्या प्रती) जिवंत असतो. सर्व्हिस उठते, लॉग वाचते आणि तिला तेच ‘नवे’ दिसतं, जे डिस्कवर नाहीच. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे ईएक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएसवर नीट तपासलं होतं. बीटीआरएफएस मेमरीतला मजकूरही मागे नेतो, बाकीचे दोघे नाही. आम्ही सुरुवातीचं लॉगवाचन ओ-डायरेक्टनं, म्हणजे पेज कॅशे टाळून थेट डिस्कवरून, करायला लागलो. बफर अलाइन करण्यात दोन दिवस गेले, शिव्याही दिल्या. ज्यांना ते नको त्यांनी निदान फाइल सिस्टिम अनमाउंट करून पुन्हा माउंट करावी.

डिस्क खरोखरच गेली असेल तर पडणं-उठणं चालूच राहील, ही भीती रास्त आहे. पण सर्व्हिसी चालवणारा सिस्टमडी, त्यात रीस्टार्ट चालू केलेला असेल तर, डीफॉल्टनं दहा सेकंदांत पाचदा उठवून पाहतो आणि मग नाद सोडतो. मला तेवढं पुरतं.

तुमच्याकडे रिप्ले करण्याजोगा लॉगच नसेल तर अबॉर्टचा सल्ला मी देणार नाही. छोट्या कॉन्फिग फाइली लिहिणाऱ्या कोडमध्ये आम्हीही रिट्राय ठेवलाय, फक्त तो एफसिंकचा नाही. डेटा अजून हातात असतो, म्हणून फसलेली तात्पुरती फाइल फेकायची, नव्या नावानं सगळं पहिल्यापासून लिहायचं, सिंक पास झाला तरच रिनेम करायचं आणि मग डिरेक्टरीवरही एफसिंक मारायचा. लॉगच्या कोडमधला तीन फेऱ्यांचा लूप मात्र काढला. त्या जागी आता दोन ओळी आहेत: एक एरर छापणारी, दुसरी अबॉर्ट.