दुबई, सिंगापूर की जर्मनी? एमबीएच्या अभ्यासदौऱ्याचा हप्ता भरण्याआधी

एमबीएचं दुसरं सत्र सुरू झालं की कॉलेजच्या ग्रुपवर परदेशी अभ्यासदौऱ्याचं पत्रक येतं आणि आठवड्याभरात पहिला हप्ता मागितला जातो. पुण्या-मुंबईतच नाही, आता नाशिक-कोल्हापूरच्या कॉलेजांतूनही साधारण तीन पर्याय समोर येतात. पाच-सहा दिवसांची दुबई, तेवढ्याच दिवसांचं सिंगापूर, किंवा जर्मनीतल्या एखाद्या विद्यापीठात दोन आठवड्यांचं समर स्कूल. घरी एफडी मोडायचं बोलणं सुरू होतं, आणि मुलं मात्र ग्रुप कुठे चाललाय एवढंच बघून नाव देतात. इतक्या खर्चाचा निर्णय असा होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझी कसोटी एक आहे. या तिन्ही देशांचं एकेक टोक आपल्याकडे, महाराष्ट्रात आहे. न्हावा शेवा बंदरात दुबईची डीपी वर्ल्ड आणि सिंगापूरची पीएसए या दोन्ही कंपन्या कंटेनर टर्मिनल चालवतात. चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनचा कारखाना आहे, मर्सिडीजही तिथेच आहे. यातल्या ज्या टोकाला तुमची पहिली नोकरी किंवा घरचा धंदा लागतो, त्याचं दुसरं टोक बघायला जा. तसं केलं तर तिथे विचारायला प्रश्न असतात. बाकी सगळं, म्हणजे हॉटेल, सर्टिफिकेट, फोटो, दुय्यम आहे.

दुबईला आपल्याकडचे प्राध्यापक जरा कमी लेखतात. 'शॉपिंग ट्रिप' म्हणून सोडून देतात. मला हे पटत नाही. दुबईत तेल सापडलं १९६६ मध्ये, पण ते फार पुरणार नाही हे राज्यकर्त्यांनी ओळखलं होतं. म्हणून १९७९ मध्ये जेबेल अली बंदर उभं राहिलं आणि १९८५ मध्ये त्याला लागून मुक्त व्यापार क्षेत्र आलं. देशात इतरत्र कंपनी काढायची तर ५१ टक्के स्थानिक भागीदार लागायचा, त्या काळात इथे परकीय मालकाला शंभर टक्के मालकी मिळत होती. बंदर, गोदाम, परवाना आणि विमानतळ एका पट्ट्यात आणून शहराने पुनर्निर्यातीवर पोट भरायला सुरुवात केली. ही सगळी साखळी दोन दिवसांत प्रत्यक्ष पाहता येते, इतकं ते सुटसुटीत आहे. न्हावा शेवा सुरू झालं १९८९ मध्ये, म्हणजे जेबेल अलीच्या दहा वर्षांनी. दोन्ही पाहिलेल्या विद्यार्थ्याला वर्गात लॉजिस्टिक्स शिकवावं लागत नाही.

शिवाय भारत आणि यूएई यांच्यातला व्यापक व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. ज्याच्या घरी सांगलीला हळद-बेदाण्याचा व्यापार आहे, नाशिकला द्राक्षं आहेत किंवा इचलकरंजीला कापड आहे, त्याच्यासाठी दुबई ही रोजच्या हिशेबातली बाजारपेठ आहे. अशा मुलांनी देराच्या खाडीवर एक सकाळ काढावी. दिरहमभर भाड्याच्या अब्रातून, म्हणजे तिथल्या छोट्या होडीतून, पलीकडे जावं, लाकडी गलबतांवर काय चढतंय ते पाहावं, घाऊक दुकानदारांशी हिंदीत बोलावं. फायनान्सवाल्यांनी डीआयएफसी हे दुबईचं आर्थिक केंद्र बघावं. त्या केंद्राची न्यायालयं वेगळी आहेत आणि तिथे इंग्रजी पद्धतीचा कायदा चालतो. २००९ च्या नोव्हेंबरात दुबई वर्ल्ड या सरकारी कंपनीने कर्जफेडीला मुदत मागितली आणि अबू धाबीला मदतीला यावं लागलं, हेही तिथल्या बँकेतल्या माणसाला जरूर विचारावं.

दुबईचे दोष दोन. पहिला, बहुतेक कंपन्यांची तिथे विक्री आणि वितरणाची कार्यालयं आहेत. उत्पादन किंवा संशोधन पाहायचं असेल तर हाती फार लागत नाही. दुसरा दोष दौऱ्याच्या तारखांचा, आणि तो टाळता येतो. तास बुडू नयेत म्हणून कॉलेजं गुरुवारी रात्रीचं विमान धरतात. पण यूएईत जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारी अर्धा दिवस काम आणि शनिवार-रविवार सुट्टी असते, आणि बऱ्याच खासगी कंपन्यांनाही शनिवार-रविवार सुट्टी असते. म्हणजे पाच दिवसांतले कामाचे दिवस उरतात जेमतेम दोन. मग मॉल आणि वाळवंटातली सफारी याशिवाय दाखवणार काय? रविवारी निघा, सोमवार ते गुरुवार पूर्ण मिळतात. रमझानमध्ये कामाचे तास रोज दोनने कमी होतात, तो महिना टाळा. जून ते सप्टेंबर उन्हामुळे बाहेर फिरणं अशक्य होतं. नोव्हेंबर ते जानेवारी हा खरा काळ.

सिंगापूर सगळ्यात भरवशाचं. ठरलेली भेट ठरल्या वेळी होते, शहर सुरक्षित आहे, आणि पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्याच्या आईवडिलांना घोर लागत नाही. तिथे शिकायचं ते धोरण. १९६५ मध्ये स्वतंत्र झालेल्या, पिण्याच्या पाण्यासाठीही शेजारी देशावर अवलंबून असलेल्या शहराने कुठे पैसा लावला, हे पाहायचं. बंदरानं २०२४ मध्ये वीस फुटी मापाने चार कोटींहून जास्त कंटेनर हाताळले, त्यातले बहुतेक एका जहाजावरून दुसऱ्यावर जाणारे. तुआसचं नवं स्वयंचलित बंदर अजून टप्प्याटप्प्याने वाढतं आहे. गाडी घ्यायची तर दहा वर्षांचा परवाना लिलावात मिळवावा लागतो, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांसाठी तो दीड लाख सिंगापूर डॉलरला गेला होता. मागणी-पुरवठ्याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. पण पाच दिवस सादरीकरणं ऐकण्यात जातात, हा धोका इथे जास्त आहे. सभागृहात बसून ऐकायचं तर ते पुण्यातही ऐकता येतं. सिंगापूर निवडलंत तर नगररचनेची सिटी गॅलरी आणि बंदर, या दोन गोष्टी वेळापत्रकात आहेत का ते बघा.

जर्मनीची तुलना या दोघांशी सरळ करताच येत नाही, कारण तिथे तुम्ही विद्यार्थी म्हणून राहता. सकाळी तास, दुपारी कारखाना, संध्याकाळी इतर देशांच्या मुलांबरोबर गटकार्य. विद्यापीठ ईसीटीएस, म्हणजे युरोपातल्या विद्यापीठांच्या सामायिक पद्धतीची, क्रेडिट देत असेल तर एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, म्हणजे अभ्यास खराखुरा करावा लागतो. ही क्रेडिट आपलं विद्यापीठ गुणपत्रिकेत धरतं का, ते जाण्याआधी लेखी विचारून घ्या.

ऑपरेशन्स किंवा एचआर घेतलेल्यांनी जमलं तर जर्मनीच निवडावी, असं मी ठामपणे सांगेन. तिथली दुहेरी व्यवसायशिक्षण पद्धत वाचून कळत नाही. शिकाऊ कामगार तीन-साडेतीन वर्षं आठवड्याचे काही दिवस कंपनीत आणि काही दिवस शाळेत असतो, आणि कंपनी त्याला भत्ता देते. दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या, हा १९७६ चा कायदा. चाकणला युनियनशी वाटाघाट करणाऱ्या एचआर अधिकाऱ्याला या व्यवस्थेची मुळं ठाऊक असायला हवीत. आणि सध्याचा काळ तर शिकण्यासारखा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन आणि कामगार संघटनेत करार झाला, त्यात २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करायचं ठरलं. मोठा उद्योग अडचणीत असताना व्यवस्थापन आणि कामगार एका टेबलावर कसे बसतात, हे पाहायला मिळणं मोलाचं आहे.

अडचण पैशाची आणि व्हिसाची. दुबईचा दौरा साधारण लाखाच्या आसपास बसतो, सिंगापूर थोडं वर, आणि जर्मनी दुबईच्या दुप्पट-अडीचपट. दुबई आणि सिंगापूरचा व्हिसा एजंटामार्फत ऑनलाइन होतो. जर्मनीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, ९० युरो शुल्क भरावं लागतं, किमान ३० हजार युरोचा विमा लागतो आणि पालकांचे आयकर विवरणपत्र व बँकेचे उतारेही. नाकारला तर शुल्क परत नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा जुलैच्या समर स्कूलसाठी मे महिन्यात धावाधाव करू नका. ऑगस्टमध्ये दक्षिण जर्मनीत सुट्ट्यांमुळे कंपन्यांतली माणसं भेटणं अवघड जातं, हेही लक्षात असू द्या.

कर्ज काढून जर्मनीला जाऊ नका. त्यापेक्षा घरच्या धंद्याला किंवा निर्यातीच्या नोकरीला उपयोगी पडणारी दुबई, चांगल्या वेळापत्रकाची, जास्त देऊन जाते. मार्केटिंगच्या मुलांनीही माझ्या मते दुबईच धरावी. सप्लाय चेन आणि फायनान्सवाल्यांना परवडत असेल तर सिंगापूर. परवडत नसेल तर दुबईत त्यांचं अडत नाही.

हप्ता भरण्याआधी आयोजकाकडे तासागणिक वेळापत्रक मागा. त्यात कोणत्या कंपनीत, किती वाजता, कोण भेटणार, हे लिहिलेलं हवं. 'तिथे गेल्यावर कळेल' असं उत्तर आलं तर थांबा. आणि पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो, तो कोणाच्या पॅनवर जमा होणार हे पावतीआधीच सांगा. विवरणपत्र भरताना तो करात वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो, पण ज्याच्या पॅनवर जमा झाला त्यालाच ते सोपं जातं.