गाठ विरघळवून देतो म्हणाला, ६२ हजार घेतले

लग्नाला सहा वर्षं झाली होती. पाळीचे पहिले दोन दिवस मी पोट धरून फरशीवर पडलेली असायचे. "लेकरू झालं की थांबतंय बाई," आत्याबाई म्हणायच्या. आणि लेकरूच होत नव्हतं. शेवटी परभणीत सोनोग्राफी केली तेव्हा दुखण्याला नाव मिळालं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखंच अस्तर बाहेर वाढतं. माझ्या डाव्या अंडाशयावर ४.२ सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे गाठ होती. आत जुनं रक्त साचून तपकिरी होतं, म्हणून हे नाव.

डॉक्टर मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. डायनोजेस्टच्या गोळ्यांनी दुखणं कमी होईल, पण त्या चालू असेपर्यंत दिवस राहणार नाहीत. आणि सिस्टचं ऑपरेशन केलं तर अंडाशयातली बीजं कमी होऊ शकतात, म्हणून आधी मूल की आधी ऑपरेशन हे नीट विचार करून ठरवू. बीजांचा अंदाज देणारी एएमएच तपासणी तेव्हा २.१ आली होती.

याच दोन गोष्टी त्या माणसाने मला विकल्या.

शेजारच्या तालुक्यात त्याची खोली, बाहेर फलक: पाळीचे विकार, गाठ, वंध्यत्व, विनाऑपरेशन, शंभर टक्के खात्री. माझी फाईल त्याने पानन् पान वाचली. इतक्या निवांत कोणीच वाचली नव्हती, मी तिथंच विरघळले. म्हणाला, "ताई, ऑपरेशनने अंडाशय रिकामं होतं. अन् या गोळ्या खाऊन दिवस कसे राहतील?" दोन्ही वाक्यं ओळखीची होती, म्हणून खरी वाटली. गोळ्या बंद केल्या की पाळी परत येते, ऑपरेशन प्रत्येकीला लागत नाही, सिस्ट असतानाही आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करणं) करता येतं, हे त्याने गाळलं.

सहा महिन्यांचा कोर्स, ६२,००० रुपये. कापसाचे आलेले पैसे यांनी फोनपेवर पाठवले, तेही कुठल्याशा बाईच्या नंबरवर. पावती मागितली तर, "कोर्स संपल्यावर एकदम देतो."

पुड्यांवर नाव नाही, तारीख नाही. भुकटी तपकिरी, पण उन्हात तळहातावर घेतली की मधेमधे पांढरे बारीक कण चमकायचे. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण दोन महिने दुखणं खरंच कमी झालं, आणि मी त्याला आशीर्वाद देत होते. (तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण त्यात वेदनाशामक मिसळलेलं असू शकतं, असं पुढे डॉक्टर म्हणाल्या.) चौथ्या महिन्यात त्याने स्वतःच्या ओळखीच्या ठिकाणी सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्टात सिस्टच नाही! आत्याबाईंनी गल्लीत पेढे वाटले.

महिन्याभरात मला उचलून संभाजीनगरला घाटीच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी ती फिल्म उजेडाकडे धरली आणि विचारलं, "वय किती तुमचं?" ३१. कोपऱ्यात माझ्या नावाची पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्याखाली वय होतं २४. फिल्म दुसऱ्याच कोणाची तरी होती.

माझी सिस्ट ६.८ झाली होती, एएमएच १.४. हे पुड्यांमुळेच झालं असं म्हणता येणार नाही, आजारानेही आकडा उतरतो, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं. पण पाच महिने गेले ते गेलेच.

आता यांचीही वीर्यतपासणी झाली. सहा वर्षांत ती कोणी सुचवलीच नव्हती, याचा मला अजून राग येतो. आधी आयव्हीएफ करून गर्भ गोठवून ठेवायचे आणि मग सिस्टचं बघायचं, असं ठरतंय. या वेळी आयव्हीएफ सेंटरचं, अशा सेंटरांसाठीच्या २०२१ च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र आधी बघितलं. खात्री कोणीच दिली नाही, आणि त्याचंच बरं वाटलं. पाळीचे विकार आणि वंध्यत्व बरं करतो अशा औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तो फलकच गुन्हा होता, आणि मी त्याच्याखालून आत गेले.

उरलेल्या अकरा पुड्या, फिल्म आणि फोनपेचे स्क्रीनशॉट तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाकडे दिलेत.

त्या खोलीच्या बाकावर जिंतूरकडची एक पोरगी माझ्याशेजारी बसायची, हिरव्या बांगड्या, मांडीवर फाईल. तिचं नाव विचारायचं राहिलं. बाई, हे तुझ्यापर्यंत पोचलं तर पुड्या बंद कर आणि तुझी फिल्म उजेडात धरून कोपरा बघ.