सायकलच्या गंजावर सायट्रिक अ‍ॅसिड पावडर – माझ्याकडून पाचपैकी साडेचार

जुनी सायकल परत चालती करायला घेतली तर क्रँक (पेडल ज्याला लागतं तो दांडा), सीटची दांडी, ब्रेकचे रॉड, नटबोल्ट सगळंच गंजलेलं. दोन दिवस नुसतं पॉलिश पेपरने घासत बसलो, वरचं निघालं पण आट्यांमधला गंज काही हलेना, आणि पेपरने गंजाबरोबर चांगलं लोखंडही झिजतं ते वेगळंच. मग साधी सायट्रिक अ‍ॅसिडची पावडर आणली, लिंबूसत म्हणतात ती.

खरंच सांगतो, खूप छान काम करते. लिटरभर कोमट पाण्याला 50 ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत, पार्ट पूर्ण बुडले पाहिजेत, अर्धवट बाहेर राहिला तर पाण्याच्या रेषेवर डाग पडतो. पण त्याआधी भांड्यांच्या लिक्विडने ग्रीस नीट धुवून काढा, कारण चिकट थराखाली पाणी पोचतच नाही आणि मग लोक म्हणतात पावडर बेकार आहे. नटबोल्ट तीन-चार तासांत टूथब्रशने साफ झाले, क्रँकला रात्र लागली. बाहेर काढल्यावर लोखंड काळपट राखाडी दिसतं, घाबरू नका, स्टील वूल फिरवलं की जातं. व्हिनेगरही वापरून बघितलं होतं, चालतं, पण वास घरभर आणि वेळ जास्त.

अर्धा मार्क कापला तो पार्ट बाहेर काढल्यानंतरच्या कटकटीसाठी. पहिल्या वेळी दांडी नुसती धुवून ठेवली आणि फोनवर बोलत बसलो, परत येऊन बघतो तर नारिंगी थर चढलेला! उघडं पडलेलं ओलं लोखंड लगेच गंजतं. आता काढल्या काढल्या खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवतो म्हणजे उरलेलं अ‍ॅसिड मरतं, मग साधं पाणी, फडकं, हेअर ड्रायर आणि लगेच तेलाचा हात. यातलं काहीही उद्यावर टाकू नका.

अजून एक, विसरून दोन-तीन दिवस ठेवायची वस्तू नाही ही. गंज संपला की अ‍ॅसिड लोखंड खायला लागतं, म्हणून अधूनमधून काढून बघत राहा. झिंक प्लेटिंगचे वायसर टाकले तर गंजाबरोबर प्लेटिंगही जातं, माझे चार गेले. अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट आणि रंग दिलेले पार्ट यात टाकूच नका. स्प्रिंगा आणि चेनही नको, कडक स्टील अ‍ॅसिडमध्ये ठिसूळ होऊ शकतं, आणि चेन चालवताना तुटली तर पडायला होतं. छर्रे गंजले असतील तर सरळ नवीन घ्या, त्यांवर खड्डे पडलेले असतात ते भरून येत नाहीत.

क्रोमचं हँडल किंवा रिम असेल तर आधी अ‍ॅल्युमिनियम फॉईलचा बोळा पाण्यात बुडवून घासून बघा, फॉईल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत आणि हलका गंज तेवढ्यानेच निघतो. जिथे क्रोमच उडालंय तिथे मात्र चमक परत येणार नाही.

हातमोजे घाला, डोळे सांभाळा आणि ब्लीचमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. मडगार्डच्या काड्यांसारखा लांब पार्ट बादलीत मावत नसेल तर फडकं त्याच अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवून गुंडाळा आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधा, तसंही मस्त निघतं.