टाचणीचा पाय मिळाला. आता मार्कर कोणता?

ओढ्याकाठच्या टाचण्यांवर (चतुरांच्या नात्यातले बारीक अंगाचे किडे) जनुकीय काम करायचं ठरलं की आधी खर्चाची चौकशी होते, मग मार्करची, म्हणजे डीएनएमधला कोणता भाग वाचायचा याची. त्याआधी प्रश्न ठरवा. ही जाती कोणती एवढंच हवंय, की शेजारच्या दोन ओढ्यांतल्या टाचण्या अजून एकमेकींत मिसळतात का, ते?

नुसती जाती हवी असेल तर सीओआय हे जनुक पुरे. मायटोकाँड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातला) त्याचा सुमारे ६५८ बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, तुकडा २००३ पासून जाती ओळखायचा बारकोड म्हणून रुळलाय. पाण्यातल्या अळ्या नुसत्या डोळ्यांनी जातीपर्यंत ओळखणं फार अवघड. तिथे तो हमखास कामाला येतो. पण तो फक्त आईकडून येतो, आणि वोल्बाकिया हा जिवाणू किड्यांत पसरताना आपल्यासोबत एकाच धाटणीचा मायटोकाँड्रिया पसरवतो. मग धडधाकट समूहही वैविध्य आटल्यासारखा दिसतो. संवर्धनाचा निर्णय एकट्या सीओआयवर घेऊ नये, असं माझं मत आहे.

समूह मिसळतात का हे बघायचं तर खरी निवड मायक्रोसॅटेलाइट (डीएनएत पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) आणि एसएनपी (डीएनएच्या एकेका अक्षरातले फरक) यांच्यात. एसएनपी हजारोंनी मिळतात, त्यामुळे एका ठिकाणचे आठ-दहा नमुनेही बरंच सांगून जातात. मायक्रोसॅटेलाइटचे दहा-पंधरा लोकस, म्हणजे डीएनएवरच्या जागा, असतील तर पंचवीस-तीस नमुने लागतात, प्रायमर (हवा तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) बहुधा त्या जातीसाठी नव्याने बनवावे लागतात, आणि दोन लॅबचे आकडे सरळ जुळत नाहीत.

तरी मायक्रोसॅटेलाइट मोडीत काढू नका. टाचणी गवताच्या पात्याला धरून कात टाकते. त्या कातेत पांढरे धागे दिसतात, ते श्वासनलिकांचं अस्तर. डीएनए असतो, पण थोडा आणि तुटका. छोट्या तुकड्यांच्या पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढायच्या पद्धतीला) तो चालतो. चतुर-टाचण्यांच्या कातेवरून मायक्रोसॅटेलाइट वाचता येतात हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००५ मध्येच दाखवलं. रॅड पद्धतीच्या (डीएनए ठरावीक जागी कापून वाचायच्या) एसएनपीला मात्र अखंड आणि भरपूर डीएनए लागतो. एका पायावर भागलं नाही की अख्खी टाचणी मारायची वेळ येते. मुळातच मोजक्या उरलेल्या जातीत हे मला पटत नाही.

त्याच ब्रिटनमधली कोएनाग्रियॉन मर्क्युरियाले ही टाचणी बघा. पंखांवर खुणा करून सोडलेल्यांपैकी बहुतेक शंभर-दोनशे मीटरच्या आतच पुन्हा सापडल्या. अशा घरकोंबड्या जातीत मधे वस्ती किंवा कोरडं रान आलं की समूह तुटतात, आणि ही तूट मोजायला मायक्रोसॅटेलाइट सहसा पुरतात. जवळच्या नात्यात प्रजनन किती झालंय किंवा स्थानिक परिस्थितीशी किती जुळवून घेतलंय, असे प्रश्न असतील तर मात्र एसएनपीच घ्या.

सिंधुदुर्गात काम असेल तर कातेच्या भरवशावर राहू नका. जूनच्या पहिल्या सरीत ती वाहून जाते. मधल्या पायाचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, टाचणी सोडून द्या. वनखात्याची परवानगी आधी घ्या. आणि पैसे गुंतवण्यापूर्वी तीन-चार पायांतून डीएनए काढून किती नॅनोग्रॅम भरतो ते बघा.