छातीचा पट्टा: श्रावण ते शिमगा, राजहंसगडाच्या चढणीवर

सात महिने झाले हृदयाचे ठोके मोजणारा हा पट्टा घेऊन. मी बेळगावात मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. आठवड्यातून तीनदा पहाटे स्कूटरने येळ्ळूरला जातो आणि पुढची गडाची चढण पायी चढतो. आधी मनगटावरचं घड्याळ होतं. ते हिरवा उजेड टाकून कातडीखालचं रक्त बघतं. चढणीवर हात हलला की ते ठोके सोडून पावलंच मोजायला लागायचं. मला धाप लागलेली, आणि घड्याळात ९५! पट्टा हृदयाचा विजेचा इशारा थेट छातीवरून पकडतो, म्हणून आकडा पटतो. बसलेला असताना ६८, शेवटच्या वळणावर १५०, थांबल्यावर मिनिटभरात १२४.

तक्रारी आहेतच. लावताना पट्टा ओला करावा लागतो. पावसाळ्यात त्याची आठवणही झाली नाही, पण थंडीच्या कोरड्या हवेत नायलॉनचा टी-शर्ट घातला की पहिली दहा मिनिटं आकडा वाटेल तसा उड्या मारतो. घाम धुतला नाही तर वास येतो. बॅटरीचं झाकण चौथ्या महिन्यात सैल झालं. कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

माझ्यासाठी पट्ट्याचं खरं मोल वेगळ्याच ठिकाणी निघालं. ॲपमध्ये ठोक्यांप्रमाणे रंग बदलतात आणि एका रंगाला 'चरबी जळण्याचा टप्पा' म्हटलंय. दहावीतल्या एका मुलीनं ते बघून विचारलं, "सर, मग हृदयपण तेव्हाच चरबी जाळतंय काय?" त्या दिवशी धडा बाजूला ठेवला.

तो रंग सगळ्या शरीराचा ढोबळ हिशोब आहे, हृदयाचा नव्हे. आपण झोपलेलो असतानाही हृदय मुख्यतः चरबीच जाळत असतं. त्याच्या ऊर्जेचा निम्म्याहून बराच जास्त वाटा मेदाम्लांतून, म्हणजे चरबीच्या घटकांतून येतो. उलट मी चढणीला लागलो आणि पायांतून लॅक्टेट (स्नायू साखर वापरताना तयार होणारा पदार्थ) रक्तात उतरलं, की हृदय तेही उचलून इंधन म्हणून वापरतं. पोटभर जेवल्यावर इन्सुलिन वाढलं की साखरेचा वाटा वाढतो. चरबी जास्त जळत असेल तर ती साखरेची वाट अडवते. ही ओढाताण ब्रिटिश शास्त्रज्ञ रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडली.

पण इंधन कुठलंही असो, अडचण साठ्याची आहे. पेशी जी ऊर्जा थेट खर्च करते ती एटीपी या रेणूत असते. हृदयाच्या पेशीत हे एटीपी असतं ते काही सेकंदांपुरतंच, आणि ठोके दिवसाला सुमारे एक लाख. कणगी भरून ठेवायची सोयच नाही, जात्यातून पडेल ते पीठ लगेच तव्यावर. म्हणून तर या पेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मायटोकाँड्रियांनी, म्हणजे इंधन जाळून एटीपी बनवणाऱ्या भट्ट्यांनी व्यापलेला असतो. आणि ६८ चे १५० ठोके झाले तरी पेशीतलं एटीपीचं प्रमाण फारसं हलत नाही! हे मी वीस वर्षं शिकवतोय, पण स्वतःच्या छातीवरचा आकडा चढताना बघून पहिल्यांदा अंगावर काटा आला.

हा मेळ बसतो कसा? वापरलेल्या एटीपीचं एडीपी होतं, म्हणजे ऊर्जा देऊन उरलेलं रूप. ते मायटोकाँड्रियाकडे परत आलं की तिथलं काम वाढतं. दुसरा इशारा कॅल्शियमचा. दर ठोक्याला पेशीत कॅल्शियम सुटतं, त्यानं तंतू आकसतात. त्यातलाच थोडा भाग मायटोकाँड्रियात शिरून इंधन जाळणाऱ्या विकरांचा (एन्झाइमांचा) वेग वाढवतो. कामाला लावणारा आणि चूल फुलवणारा एकच! ज्या दारातून कॅल्शियम मायटोकाँड्रियात शिरतं, त्याचं प्रथिन २०११ मध्ये ओळखलं गेलं. नवं एटीपी बनेपर्यंतच्या क्षणाची उसनवारी पेशीतलं फॉस्फोक्रिएटिन हे राखीव ऊर्जेचं रसायन भागवतं. ते १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत शोधणारे यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. हे नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. आपण निवांत बसलेलो असतानाच हृदय त्याच्याकडे आलेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतं. जास्त हवा असेल तर जास्त रक्तच यायला हवं. बाबांच्या छातीत बसल्यावर काही नाही आणि जिना चढतानाच दुखायचं, ते का, हे तेव्हा कळलं. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी अरुंद झालेली होती.

पट्टा घ्यावा का? चढण, सायकल, धावणं करत असाल तर जरूर. 'उष्मांक' आणि रंगांवर मात्र विसंबू नका, जास्तीत जास्त ठोक्यांसाठीचा '२२० वजा वय' हा हिशोबही ढोबळच आहे. बाबांनी एकदा लावून पाहिला, पण ठोके कमी ठेवणारी गोळी चालू असल्यानं ॲपचे रंग त्यांच्या कामाचे नव्हते. अशी गोळी घेणाऱ्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांनाच विचारावी. रविवारी बाबाही येळ्ळूरपर्यंत येतात, चहा घेत बसतात. मी खाली उतरलो की पहिला प्रश्न ठरलेला: "आज वर किती झालं रे?"