पोटमाळ्यावरचा कोरडा लॅपटॉपसुद्धा मी त्याच्या हाती दिला

२२ जुलै २०२१ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान बुडालं. २००५च्या पुराची खूण भिंतीवर होतीच. तिच्यावर हातभर उंचीला फळ्या ठोकून मी निर्धास्त होतो. पाणी त्या फळ्यांच्याही वर गेलं. पुराचं रडगाणं गात नाही, ते सगळ्या चिपळूणने भोगलंय. सांगायचंय ते त्यानंतरचं.

चौथ्या-पाचव्या दिवशी फावड्याने गाळ ओढत असताना दारात टेम्पो थांबला. ‘पूरग्रस्तांसाठी खास सवलत, सर्व इलेक्ट्रॉनिक वस्तू पूर्ववत’ असा फलक. निळा एप्रन घातलेला, अदबीने बोलणारा माणूस उतरला. रस्त्यातच ट्रे मांडला, चिखलाने माखलेला एक बोर्ड त्यात बुडवला, ब्रशने घासला, ब्लोअर मारला, तारा जोडल्या आणि दिवा लागला. बघायला आम्ही दहा-बारा दुकानदार. (तो बोर्ड कुणाचा, हे कुणीच विचारलं नाही.)

“काका, तासातासाला गंज चढतोय. आज दिलंत तर मशीन, उद्या भंगार.”

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, तिथेच मी फसलो. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं. गटार, क्षार, बारीक माती असं सगळं बोर्डावर बसतं, हवा लागली की तांब्यावर हिरवट थर धरायला लागतो. वीज न लावता आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल, लगेच उडून जाणारं), आणि पूर्ण वाळल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही, ही पद्धत खरीच आहे. ती सगळी त्याला तोंडपाठ होती.

झेरॉक्स मशीन, दोन सीपीयू, दोन प्रिंटर, यूपीएस, सगळं टेम्पोत चढलं. लॅपटॉप पोटमाळ्यावर होता, त्याला थेंबही लागला नव्हता. ही म्हणाली, “तो कोरडा आहे, तो कशाला देताय?” त्यावर हा म्हणतो, “वहिनी, दमट हवेनेही आतून गंजतं.” हेही खरंच! मी लॅपटॉप दिला. ३२ हजार ठरले, १८ हजार आगाऊ दिले. पावतीवर लिहिलं होतं, ‘झेरॉक्स १, सीपीयू २, प्रिंटर २, यूपीएस १, लॅपटॉप १’. ना मॉडेल, ना सिरीयल नंबर. तेव्हा अंगावर धड कोरडे कपडे नव्हते, पावती कोण वाचतो?

सतरा दिवसांनी सगळं परत आलं. चकाचक, वर अत्तरासारखा वास. माझ्यासमोर आधार कार्डाची एक प्रत काढून दाखवली, स्वच्छ आली. उरलेले १४ हजार मी मोजून दिले आणि वर चहाही पाजला.

नवव्या दिवशी झेरॉक्स मशीन घुरघुरलं, जळका वास आला आणि बंद पडलं. दुसऱ्या दिवशी एक सीपीयूही गेला. फोन केला की “येतो, येतो”. मग फोनच बंद.

खेडला माझा भाचा हेच दुरुस्तीचं काम करतो. पहिल्याच दिवशी त्याला बोलवायला हवं होतं, पण तोही पुरातच अडकला असेल असं धरून मी फोन केला नाही. त्याने मशीन उघडलं. बोर्ड लखलखत होता. त्याने नखाने कोपरा खरवडला, तर पारदर्शक थराचा पापुद्रा निघाला आणि खाली वाशिष्ठीचा गाळ, जसाच्या तसा. “मामा, धुतलंच नाही. चिखलावर वॉर्निश मारलंय.” ओलावा त्या थराखाली कोंडला आणि आतल्या आत गंजत राहिला. कनेक्टरच्या पिना हिरव्या झाल्या होत्या, एक तर बोट लावताच तुटली.

सीपीयूत माझी ८ जीबीची रॅम होती, आता २ जीबीची निघाली. बिलांची फाइल घरी होती म्हणून वाचली होती. तिच्यातला हार्ड डिस्कचा सिरीयल नंबर ताडून पाहिला, डिस्कच वेगळी. लॅपटॉपचं झाकण माझंच, त्यावर लेकीने चिकटवलेलं फुलपाखरूही तसंच. स्टिकर आय-फाइव्ह प्रोसेसरचा, स्क्रीनवर मात्र त्याच्याहून हलका आय-थ्री. भिजलेला माल त्याला नकोच होता. त्याला हवा होता तो पोटमाळ्यावरचा.

पैशांपेक्षा ती डिस्क मला जास्त छळते. गिऱ्हाइकांची आधार कार्डं, सातबारे, पासबुकाची पानं, सगळे स्कॅन तिच्यात होते. ते कुणाच्या हाती गेले असतील, देव जाणे. भाचा म्हणाला, “भिजलेली डिस्क सुरू करायची नाही आणि मशीनबरोबर द्यायची नाही. चार स्क्रू काढ आणि घरी ठेव.” मी म्हटलं, यूपीएस तरी मीच उघडून बघायला हवा होता. त्यावर त्याने मला झापलं. यूपीएसमध्ये बॅटरी असते आणि मोठ्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही झटका शिल्लक असतो.

पोलिसांकडे गेलो. साहेबांनी पहिला प्रश्न केला, “वस्तूंचे नंबर दिले होते का पावतीवर?” पावतीवरचा जीएसटी नंबर मोजला, चौदाच अक्षरं! असतात पंधरा. सुरुवात २७ने होती, म्हणजे महाराष्ट्राचाच, तेवढं त्याने बरोबर जमवलं होतं. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला असता तर मिनिटात कळलं असतं. पण त्या आठवड्यात वीज नव्हती, नेट नव्हतं, आणि तो हे जाणूनच आला होता.

विम्याचा सर्व्हेअर आला तेव्हा माल टेम्पोतून गेलेला. “बघितल्याशिवाय नुकसान लिहू कसं?” हे त्याचं म्हणणं रास्तच होतं. गाळाने भरलेल्या वस्तूंचे फोटो, मागच्या पट्टीवरचे नंबर, झाकण उघडून आतले बोर्ड, यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं. फोटो होते ते फक्त दुकानाबाहेरच्या चिखलाचे.

एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र त्या माणसाने नेलाच नव्हता. “याच्यात काही नाही काका” म्हणत पायाने बाजूला सारला होता. भाच्याने तो नळाखाली धुतला, आयपीए मारला, आठवडाभर बल्बखाली वाळवला. रिबन नवी घातली. चालतो.