सुटी पेडलं की प्रोसेसर? आधी केबल कुठे जाते ते पाहा

गिटारचा आवाज बदलणारे इफेक्ट्स दोन प्रकारे घेता येतात: एकेका इफेक्टचं पायाने चालवायचं सुटं पेडल, किंवा अनेक इफेक्ट्स एकाच खोक्यात असलेला प्रोसेसर. ते घ्यायचे म्हटलं की आधी बजेटची चर्चा होते आणि मग ब्रँडची. माझ्या मते त्याहून आधीचा प्रश्न वेगळाच आहे: तुमच्या गिटारची केबल शेवटी जाते कुठे, अ‍ॅम्पमध्ये की मिक्सरमध्ये? अर्धा निर्णय तिथेच होतो.

गिटार अ‍ॅम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही वाजवतच नाही. डिस्टॉर्शनमुळे (आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या इफेक्टमुळे) वरच्या भागात जी करकर तयार होते, ती तिथेच गाळली जाते आणि आपल्या कानावर भरीव आवाज पडतो. हॉलमधल्या पीए स्पीकरला (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरला) ही गाळणी नसते. म्हणूनच बॉस कंपनीचं नारिंगी डीएस-१ हे डिस्टॉर्शन पेडल थेट मिक्सरला लावलं की डब्यात अडकलेल्या माशीसारखा आवाज येतो, आणि खापर पेडलवर फुटतं. वास्तविक ते पेडल १९७८ पासून बाजारात आहे आणि बऱ्या अ‍ॅम्पपुढे आजही छान वाजतं. त्याला फक्त पुढे गिटारचा स्पीकर हवा. प्रोसेसरमध्ये अ‍ॅम्प आणि कॅबिनेट (स्पीकरचं खोकं) दोन्हींचं सिम्युलेशन (डिजिटल नक्कल) असतं, त्यामुळे तो थेट मिक्सरमध्ये गेला तरी आवाज वापरण्याजोगा असतो.

तेव्हा ऑर्केस्ट्रात किंवा गाण्यांच्या कार्यक्रमात वाजवणाऱ्याने फार विचार करू नये, प्रोसेसर घ्यावा. नाट्यगृहाच्या स्टेजवर गिटारचा अ‍ॅम्प क्वचितच मिळतो. साउंडवाला डीआय बॉक्स (वाद्याची केबल थेट मिक्सरला जोडणारी डबी) पुढे करतो आणि लाइन मागतो. शिवाय गाणी एकामागून एक येतात. एकाला स्वच्छ आवाज आणि हलका कोरस (आवाज दुहेरी, तरंगता करणारा इफेक्ट), लगेच पुढच्याला डिस्टॉर्शन आणि डिले (प्रतिध्वनी). सुट्या पेडलांवर कोरस बंद करा, डिस्टॉर्शन चालू करा, डिले चालू करा. निवेदकाचं वाक्य संपायच्या आत तीनदा पाय मारायचा. प्रोसेसरवर ते एका दाबात होतं. सामानाचंही तसंच. बॉसचा जीटी-१ प्रोसेसर सव्वा किलोच्या आसपास आहे आणि चार पेन्सिल सेलवर चालतो. लोकल पकडून कार्यक्रमाला जाणाऱ्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

मात्र एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. घरी हेडफोन लावून, हळू आवाजात बनवलेले पॅच (प्रोसेसरमध्ये साठवलेले आवाज) स्टेजवर जवळजवळ हमखास फसतात. हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, म्हणून आपण तो वाढवतो. रिव्हर्बही (हॉलसारखा घुमारा) सढळ हाताने घालतो. स्टेजवर हेच सगळं चिखल होऊन बाहेर येतं आणि सोलो बँडमध्ये बुडतो. प्रत्येक पॅचची लेव्हल मोठ्या स्पीकरवर, बाकीचे वाजवत असताना जुळवायची, गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) घरच्यापेक्षा कमी ठेवायचा. या कामाला एक अख्खी रिहर्सल द्यावी लागते.

आता सुटी पेडलं. घरी किंवा प्रॅक्टिस रूममध्ये तुमच्याकडे बरा अ‍ॅम्प असेल, आणि मोजकेच आवाज वापरून स्वतःची शैली घडवायची असेल, तर माझं मन पेडलांकडे झुकतं. तीन नॉब असतात: ड्राइव्ह, टोन, लेव्हल. फिरवलं की कळतं काय झालं. नवशिक्याचा कान यातून जितका तयार होतो तितका दोनशे फॅक्टरी प्रीसेट चाळून होत नाही. दुसरं म्हणजे हाताला मिळणारा प्रतिसाद. १९६६ मध्ये आलेल्या फझ फेससारख्या फझ (खूप खरखरीत डिस्टॉर्शनच्या) पेडलला थेट गिटारच्या पिकअपशी जोडलेलं असणं मानवतं. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की तो खरखरीत आवाज निवळून स्वच्छ होतो. त्याच्या आधी बफर (सिग्नलला बळ देणारं सर्किट) असलेलं दुसरं पेडल आलं की ही जादू बरीचशी जाते. (जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ घेणार असाल तर उष्णतेने त्याचा आवाज बदलतो हेही लक्षात घ्या. मे महिन्यात विदर्भातल्या उघड्या स्टेजवर तो भरवशाचा नाही.)

पेडलांचा खरा खर्च दुकानात दिसत नाही. पाच पेडलं घेतली की चार पॅच केबल (पेडलं एकमेकांना जोडणाऱ्या छोट्या केबल) आल्या, बोर्ड आला आणि मुख्य म्हणजे पॉवर सप्लाय आला. बहुतेक पेडलं ९ व्होल्टवर चालतात, पण साध्या ओव्हरड्राइव्हला (सौम्य डिस्टॉर्शनला) १०-२० मिलिअँपिअर पुरतात, तर डिजिटल डिले-रिव्हर्बला शंभर-दोनशे किंवा त्याहून जास्त लागू शकतात. एकाच अ‍ॅडॅप्टरवरून माळ लावून ही दोन्ही चालवली की बारीक शिट्टीसारखा आवाज घुसतो. त्यावर उपाय म्हणजे आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक पेडलला स्वतंत्र वीज देणारा), आणि तो स्वस्त नसतो. बऱ्यापैकी पेडल येईल इतके पैसे त्यातच जातात. हे सगळं जोडलं की चार-पाच पेडलांच्या बोर्डपेक्षा सुरुवातीचा प्रोसेसर बराच स्वस्त पडतो. त्याबदल्यात पेडलांना भाव टिकतो. डीएस-१ पाच वर्षांनी विकलं तरी गिऱ्हाईक मिळतं. प्रोसेसरचं नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत घसरते. आणि एक पेडल बिघडलं तर ते बाजूला काढून कार्यक्रम पुरा करता येतो. प्रोसेसर बंद पडला तर सगळंच गेलं.

आवाजाच्या दर्जावरून वाद घालण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. डिले, रिव्हर्ब, कोरसच्या बाबतीत आजचे मधल्या किमतीचे प्रोसेसरही पुरेसे चांगले आहेत. फरक जाणवतो तो ड्राइव्ह आणि फझमध्ये, तोही वाजवणाऱ्याच्या बोटांना जास्त, ऐकणाऱ्याला कमी. म्हणून मला सर्वांत पटणारी जुळणी अशी: आवडीचं एक ओव्हरड्राइव्ह पेडल आणि त्याच्यापुढे लहान प्रोसेसर. लाइन ६ कंपनीचा एचएक्स स्टॉम्प हा लहान प्रोसेसर २०१८ पासून अनेकांनी असाच वापरला आहे; त्यात सेंड-रिटर्न (आवाज बाहेरच्या पेडलकडे पाठवून परत घेणारे जॅक) असल्याने पेडल साखळीत हवं तिथे बसवता येतं. फक्त त्याला ९ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात, तेव्हा त्याचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर सोबत ठेवावाच लागतो. मेनूचा कंटाळा असेल तर बॉसचा एमई-८० पाहा: प्रोसेसरच आहे, पण नॉब सगळे वरच, पेडलं शेजारी शेजारी मांडल्यासारखे.

सेकंडहँड घेणार असाल तर स्वतःची गिटार आणि केबल घेऊन जा. प्रोसेसरचा प्रत्येक फुटस्विच दहा-बारा वेळा दाबून पाहा, एक्स्प्रेशन पेडल (पायाने वर-खाली करून आवाज बदलायचं) पूर्ण वर-खाली करून आवाज सलग बदलतो का ते ऐका, आणि मूळ अ‍ॅडॅप्टर मागून घ्या. पेडलच्या बाबतीत प्रत्येक नॉब फिरवताना खरखर येते का ते बघा, आणि लावलेला जॅक हलकेच हलवून आवाज तुटतो का तेही.